डिप्लोमानंतर वर्षभर अप्रेंटिसशिप : भोसरीच्या मशिन शॉपमधला अनुभव

डिप्लोमा मेकॅनिकल झाल्यावर वर्गातली बरीच मुलं डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला गेली. मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागलो. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे थोडं कडू लिहिणार आहे. वर्ष पुरं होऊन सर्टिफिकेट हातात आलंय. माझं मत विचाराल तर जरूर करा, पण असेंब्ली लाइनवर अडकून पडू नका.

आधी पैशाचं बोलू. मी लागलो तेव्हा नॅट्स म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेखाली डिप्लोमावाल्याला किमान ८००० रुपये आणि डिग्रीवाल्याला ९००० असा दर होता. २०१९ च्या नियमांत तसं ठरलं होतं आणि या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. पीएफ नाही, ईएसआय नाही, कारण १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे तुम्ही कामगार नसताच, शिकाऊ असता. कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचे पैसे दिले की मोबाईलचा रिचार्ज आणि दोन-चार वडापाव, एवढंच उरतं. घर पिंपरी-चिंचवडमध्ये असेल तर वर्ष निभावतं. लातूर-बीडकडून येणाऱ्याने घरच्यांशी आधीच स्पष्ट बोलून यावं. अधूनमधून गावाकडून पैसे मागवावे लागतातच.

पहिले काही महिने वाईट गेले. एचआरच्या भिंतीवर ट्रेनिंगचा तक्ता होता : स्टोअर, मशिन शॉप, क्वालिटी, मेंटेनन्स, सगळं रंगीत चौकटींत. प्रत्यक्षात सुपरवायझर सकाळी म्हणायचा, ‘आज एक जण आला नाही, जरा लाइनवर उभा राहा.’ हा ‘आज’ दिवाळी आली तरी संपला नाही. डॉवेल (पिन) ठोका, चार बोल्ट लावा, टॉर्क द्या म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा, पुढे ढकला. यातलं शिकण्यासारखं सगळं दोन दिवसांत शिकून होतं. तिसऱ्या दिवसापासून तुम्ही कंपनीसाठी स्वस्तातला माणूस असता. शेजारचा कॉन्ट्रॅक्टवाला हसून म्हणायचा, ‘इंजिनिअर, तुझ्यापेक्षा माझी मजुरी बरी आहे रे.’ खरंच बरी होती. ओव्हरटाइमचाही आग्रह व्हायचा. अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय शिकाऊला ओव्हरटाइम देता येत नाही, हे कायद्याचं कलम मोबाईलवर दाखवलं तेव्हा तो बंद झाला. सुपरवायझरचं तोंड वाकडं झालं ते झालं.

एचआरकडे तीनदा अर्ज दिल्यावर मशिन शॉप मिळालं, आणि तिथून खरी अप्रेंटिसशिप सुरू झाली. इंजिनिअर लोक कायम मीटिंगमध्ये. मला शिकवलं सेटरने, म्हणजे कामासाठी मशिन लावून देणाऱ्याने. सगळे त्यांना मामा म्हणत. आयटीआय झालेला माणूस, पण इन्सर्ट (मशिनमधलं धातू कापणारं पातं) घासत आला की मशिनच्या आवाजावरून ओळखायचे.

एक संध्याकाळ सांगतो. ॲल्युमिनियमचं हाउसिंग होतं, त्यात बेअरिंगचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसतं ते गोल भोक, ६२ एच७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३० मिलिमीटरमध्ये बसला पाहिजे. ऑपरेटरने मशिनमधून पीस काढला, बोअर गेज लावला, रीडिंग आलं ६२.०२७. वरच्या टोकाला चाललंय म्हणून त्याने ऑफसेट (मशिनला दिलेली मापाची दुरुस्ती) कमी करायला पॅनेलकडे हात नेला. मामा लांबूनच ओरडले, ‘ए थांब! आधी हात लाव त्याला.’ पीस कोमट होता. त्यांनी तो सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या सपाट पाटावर) ठेवला आणि मला म्हणाले, ‘चहा पिऊन ये, मग मोज.’ येऊन सेटिंग रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कड्यावर, गेजचा झीरो बघितला, मोजलं, तर ६२.०१४. अगदी मधोमध. ऑफसेट दिला असता तर पुढचे पीस गार झाल्यावर खालच्या टोकाला गेले असते, आणि बोअर लहान झाला की बेअरिंग बसत नाही.

रात्री खोलीवर हिशोब केला. ॲल्युमिनियम मीटरमागे अंशाला साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं. दहा अंशांचा फरक असेल तर ६२ मिलिमीटरच्या बोअरमध्ये १४ मायक्रॉन, म्हणजे जवळपास निम्मा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) नुसता उष्णतेने खाल्ला. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश आहे आणि स्टँडर्ड रूमचा, म्हणजे मोजमापाच्या खोलीचा, एसी त्यासाठीच चालतो, हेही तेव्हा कळलं. त्याआधी आम्ही तिथे गारव्याला जाऊन उभे राहायचो! कॉलेजात प्रसरण शिकवलं ते रेल्वेच्या रुळांपुरतं.

शेवटचे महिने क्वालिटीत काढले. सीएमएमवर, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या मशिनवर, हात बसला. कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं त्याचा तक्ता) आणि पीपीएपी (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची कागदपत्रं) यांच्या फायली बघितल्या. आयएटीएफच्या, म्हणजे वाहन उद्योगातल्या क्वालिटी मानकाच्या, ऑडिटआधी आठवडाभर सगळं शॉप पिवळे पट्टे रंगवत होतं, तेही पाहिलं. सध्या चाकणला क्वालिटीत नोकरी करतोय. इंटरव्ह्यूत डिप्लोमाचे मार्क कोणी विचारले नाहीत. ड्रॉइंग समोर ठेवलं आणि ‘हे कशाने मोजशील?’ एवढंच विचारलं.

जिथे शिकलो तिथे मात्र नोकरी मिळाली नाही. आधी करारात तसं कबूल केलेलं नसेल तर कायद्याने कंपनी ती द्यायला बांधील नसते. टेल्कोत (आताच्या टाटा मोटर्समध्ये) अप्रेंटिस करून परमनंट झालेल्या काकांच्या गोष्टी ऐकून येणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

जॉइन होण्याआधी नॅट्सच्या पोर्टलवर करार झालाय का ते स्वतःच्या लॉगिनमधून बघा. काही ठिकाणी नुसतं ‘ट्रेनी’ म्हणून घेतात आणि वर्षाअखेर सरकारी सर्टिफिकेट मिळत नाही. हे सर्टिफिकेट वर्षाचा अनुभव म्हणून धरलं जातं, त्यामुळे त्यावाचून लाइनवर राबण्यात अर्थ नाही. आणि रेकॉर्ड बुकवर, म्हणजे ट्रेनिंगच्या नोंदवहीवर, साहेबांच्या सह्या महिन्याच्या महिन्याला घ्या. आमच्याकडे मध्येच एचआरचा माणूस बदलला, आणि माझ्याबरोबरचे दोघे मागच्या सहा महिन्यांच्या सह्यांसाठी जुन्या साहेबांच्या नव्या कंपनीच्या गेटवर उभे होते.