स्टेशनजवळचा ‘४०६० कॉम्बो’: कार्ड ठेवा, बाकी कोटेशन बदलून घ्या

ठाणे स्टेशन ते नौपाडा या पट्ट्यात गेमिंग पीसीचं कोटेशन मागितलं की बऱ्याचदा हा कॉम्बो पुढे येतो: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, १६ जीबीची एकच रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत ‘फ्री’ एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग. नजर थेट कार्डाच्या ओळीवर जाते. कार्ड चांगलंच आहे: ८ जीबी मेमरी, ११५ वॉट, १०८०पीला (फुल एचडीला) पुरेसं. गोची आहे ती बाकीच्या ओळींत.

५६०० आणि ५६००जी, नावात एका अक्षराचा फरक, पण चिप वेगळी. ५६०० मध्ये एल३ कॅश (चिपमधली वेगवान मेमरी) ३२ एमबी, जीमध्ये १६. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जी पीसीआय-ई (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) ३.० वरच थांबतो. ४०६० मुळात आठच लेन वापरतं, ४.० वर त्यातून सेकंदाला साधारण १६ जीबी जातात, ३.० वर निम्मेच. टेक्स्चर ८ जीबीत मावतात तोवर काही कळत नाही. अल्ट्रा सेटिंगवर मेमरी भरली की कार्डाला सिस्टिम रॅमकडे हात पसरावा लागतो आणि फ्रेम अडखळायला लागतात. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीक दिसतो, खेळताना झटके बसतात. नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही, कारण ए५२०चा स्लॉटही ३.०च; बी५५० घ्या. दुकानदाराची बाजूही खरी आहे: ५६०० ला स्वतःचा डिस्प्ले नाही, कार्डाशिवाय मशीन दाखवता येत नाही. कार्ड सहा महिन्यांनी घेणार असाल तर जीच बरा.

रॅम ८-८ च्या दोन घ्या, डीडीआर४ ३२००. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेग, चालू करायला लावा, नाहीतर ३२०० ची रॅम बहुधा २१३३ किंवा २४०० वर रांगते.

‘फ्री’ एसएमपीएस नकोच. डब्यावर ५०० वॉट लिहिलेलं असतं. स्टिकरवर १२ व्होल्टचा रकाना बघा. तिथे २० अँपिअर असतील तर हाती २४० वॉटच. कार्डाचे ११५, प्रोसेसरचे ७६ पर्यंत, वर बोर्ड, एसएसडी, पंखे. उरतं ते फार थोडं, आणि कार्डाचे क्षणिक झटके वेगळेच. चांगल्या कंपनीचा ५५० वॉट ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा दर्जा) पुरतो. ७५० चा आग्रह झाला तर नाही म्हणा, ते पैसे बोर्डात घाला. कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद काचेमागचे रंगीत पंखे गरम हवाच फिरवतात.

पैसे देण्याआधी काउंटरवरच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. बस इंटरफेसशेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून रेंडर टेस्ट चालवा आणि ‘@’ च्या पुढे ‘एक्स८ ४.०’ दिसतंय ना ते बघा. टेस्टशिवाय आकडा कमी दिसतो, त्यावरून भांडू नका. मग फ्रेमची मर्यादा काढून एखादा जड गेम लावा: कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर हवा. व्हॅलोरंटमध्ये तो ६० वर दिसला तर बिघाड नाही, तिथे प्रोसेसरच आधी दमतो.

आहे तसा कॉम्बो: ५ पैकी २. ५६००, बी५५०, जोडीची रॅम आणि वेगळा एसएमपीएस घेतला तर ४. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर केबल बोर्डाला नाही, कार्डाला लावा आणि विंडोजमध्ये १४४ निवडा. आपोआप ६० वरच राहिलेला असू शकतो.