“घाण बाहेर पडतेय” असं सांगून साडेअठरा हजार घेतले

मैत्रिणींनो, हे उघडपणे लिहायला संकोच वाटतो. पण याच संकोचावर या लोकांचा धंदा चालतो, म्हणून लिहितेय.

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत महिला आरोग्य शिबिर होतं. पांढरे कोट घातलेल्या दोघी आल्या होत्या. लॅपटॉपला जोडलेली धातूची एक दांडी मुठीत धरायची, की मिनिटभरात पानंच्या पानं रिपोर्ट निघायचा. पाळी जाऊन मला काही वर्षं झाली आहेत. योनीमार्ग कोरडा पडलेला, बसलं की जळजळ, लघवीलाही आग, नवऱ्याजवळ जाणं नकोसं झालेलं. हे मी आजवर कुणाशी बोलले नव्हते. त्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, पिशवीत वर्षानुवर्षांची घाण साचलीय. आत्ता शुद्धी केली नाही तर पुढे कॅन्सरवर जाईल.”

कॅन्सर शब्द ऐकल्यावर कोण पैशाचा विचार करतं? पॅकेज साडेअठरा हजारांचं होतं: खालून धुवायचं सुगंधी लिक्विड, धुरी घ्यायची पावडर आणि आत ठेवायच्या औषधी पोटल्या. पैसे एका खासगी मोबाईल नंबरवर घेतले. पावती “नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो” म्हणाले, ती कधीच आली नाही.

पोटली ठेवल्यावर आग वाढली आणि पांढरट पापुद्रे पडायला लागले. फोन केला तर उत्तर मिळालं, “छानच की! घाण बाहेर पडतेय. थांबवू नका.” मला सगळ्यात जास्त चीड याच वाक्याची आहे. त्रास झाला की औषध लागू पडतंय, आणि त्रास झाला नाही तर अजून एक कोर्स घ्या. दोन्हीकडून जीत त्यांचीच.

शेवटी बहिणीने मला गंगापूर रोडवरच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. शिबिरात जे कुणीच केलं नव्हतं ते त्यांनी आधी केलं: नीट तपासलं. मग शांतपणे समजावलं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन कमी होतं, त्यामुळे योनीचं अस्तर पातळ, कोरडं आणि नाजूक होतं. पाळीच्या वयात तिथली आम्लता साधारण ३.८ ते ४.५ पीएच असते आणि चांगले जंतू ती राखतात. इस्ट्रोजेन घटलं की हा तोल बिघडतो, जळजळ होते, लघवीचं इन्फेक्शन वारंवार होऊ शकतं. यात घाण कुठेच नसते. योनी स्वतःची सफाई स्वतः करते, आतून धुवायची गरजच नसते. ते पापुद्रे म्हणजे पोटलीने भाजल्यासारखं झालेलं माझंच अस्तर होतं.

हा त्रास पाळी गेलेल्यांनाच होतो असंही नाही. अंगावर पाजणाऱ्या आयांना, अंडाशय काढलेल्यांना, स्तनाच्या कॅन्सरची काही औषधं घेणाऱ्यांना, कधी सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनीही कोरडेपणा येतो. साबण आणि सुगंधी वॉशने आग होते. मधुमेह असेल तर खाज बुरशीचीही असू शकते, आणि तिचं औषध वेगळं. दांडी मुठीत धरून यातलं काय कळणार?

मला आधी सगळं बंद करायला सांगितलं, फक्त साधं पाणी, तेही बाहेरूनच. मग योनीसाठीचं मॉइश्चरायझर, संबंधाच्या वेळी पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट आणि इस्ट्रिऑलचं (हा इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम, सुरुवातीला रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. मेडिकलमध्ये ते काही शे रुपयांत मिळालं. फरक जाणवायला काही आठवडे लागले, पण पडला. हे क्रीम चिठ्ठीशिवाय घेऊ नका. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचाराच. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा थेंब जरी दिसला तरी लगेच तपासून घ्या. ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांनी त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये जावं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

त्याच बायका नंतर मला ‘लेझरने टाइटनिंग’चा, म्हणजे योनी घट्ट करण्याचा, आगाऊ हप्ता भरायला सांगत होत्या. अशा यंत्रांच्या जाहिरातींबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१८ मध्येच इशारा दिलाय: भाजणं, व्रण पडणं, कायमचं दुखणं.

पैसे परत मागितले तर माझा नंबर ब्लॉक केला. पोटल्यांच्या पाकिटावर ना लायसन्स नंबर, ना बॅच, ना बनवणाऱ्याचा पत्ता. आयुर्वेदिक औषधावरही हे सगळं छापावं लागतं. गर्भाशयाचे विकार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मी पाकीट, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवलीय. तुमच्याकडे तसलं पाकीट असेल तर फेकू नका, तेच पुरावा आहे. तक्रारीत तुम्हाला काय त्रास होत होता ते लिहायची गरज नाही. काय विकलं, किती घेतले, पावती आणि लेबल दिलं नाही, एवढं लिहिलं तरी चालतं.