बुक ऑफ मॉर्मन वाचायचंय, पण कोणत्या आवृत्तीत?

बुक ऑफ मॉर्मन हा अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चचा धर्मग्रंथ. श्रद्धेपोटी नव्हे, साहित्य म्हणून तो उघडणारे बरेच जण लवकरच कंटाळतात. मार्क ट्वेननं तर त्याला छापील क्लोरोफॉर्म म्हटलं होतं. ‘आणि असे घडले की’ हे पालुपद किती वेळा सोसायचं, ही तक्रार रास्तच आहे. पण निम्मा दोष छपाईचा आहे, म्हणून आवृत्ती पारखून घ्यावी.

चर्चची अधिकृत आवृत्ती ऑनलाइन फुकट मिळते. दोन स्तंभ, प्रत्येक वचन सुटं, तळाशी संदर्भांची गर्दी. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावी पहिल्या ५००० प्रती छापल्या, तेव्हा वचनांना आकडे नव्हतेच. ते १८७९ मध्ये चर्चचे एक नेते ऑर्सन प्रॅट यांनी घातले. दोन स्तंभ आले १९२० मध्ये. प्रवचनाच्या तयारीला ही मांडणी उत्तम. सलग वाचायला मात्र जाचक, कारण लढाईचं वर्णन, वंशावळ आणि विलाप सगळं एकाच साच्यात दिसतं.

ग्रँट हार्डी यांची २०१८ ची अभ्यास-आवृत्ती नेमकं हेच सोडवते. शब्द अधिकृत आवृत्तीचेच, पण परिच्छेद पाडलेले, संवादांना अवतरणचिन्हं आणि काव्य ओळींत मांडलेलं. ग्रंथात नीफायच्या नावाची पुस्तकं आहेत; त्यातल्या ‘दुसऱ्या नीफाय’चा चौथा अध्याय दोन्हींत शेजारी ठेवून पाहा. वडील लीहाय नुकतेच वारले आहेत, भाऊ उलटले आहेत आणि नीफाय स्वतःच्या पापांवर, रागावर रडतो. मग मध्येच आपल्याच जिवाला ‘जागा हो’ म्हणून हाक मारतो. आत्मनिंदेचे अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला हा सूर परका वाटायचा नाही. अधिकृत आवृत्तीत ती हाक वचन क्रमांक २८ म्हणून नजरेखालून निसटते. हार्डींच्या पानावर तिथे थांबावंच लागतं. याच पुस्तकात पुढे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचे तेरा अध्याय जवळजवळ जसेच्या तसे येतात. तेही ओळींत असल्यानं सुसह्य होतात, इतकंच म्हणेन.

येल विद्यापीठाची २००९ ची आवृत्ती वेगळ्या वाचकासाठी आहे. भाषाशास्त्रज्ञ रॉयल स्काउसन यांनी हस्तलिखितं तपासून, चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी तोंडी सांगितलेला मूळ मजकूर शक्य तितका उभा केला. नंतर दुरुस्त केलेलं ओबडधोबड व्याकरण इथे परत येतं. पहिल्या नीफायच्या बाराव्या अध्यायात ईश्वरी न्यायाची ‘तलवार’ (sword) होती. नक्कल करताना एक अक्षर गळलं आणि तिचा ‘शब्द’ (word) झाला. अशा जागा इथे सापडतात. सगळा मजकूर अर्थानुसार तोडलेल्या छोट्या ओळींत आहे, म्हणून मोठ्यानं वाचायला झकास. मात्र त्यामुळे साधं गद्यही कवितेसारखं दिसतं. त्याला भुलू नये.

डोनाल्ड पॅरी यांच्या २००७ च्या आवृत्तीत समांतर रचना, म्हणजे एकमेकींना जुळणाऱ्या ओळी, पानोपानी मांडून दाखवल्या आहेत. ‘आल्मा’ या पुस्तकाचा ३६ वा अध्याय, म्हणजे मध्यबिंदूपर्यंत जाऊन उलट क्रमानं परतणारी रचना, तिथे छान कळतो. पण समांतरता शोधायला बसलं की ती कुठेही सापडते, आणि इथे जरा जास्तच सापडली आहे. ग्रंथालयात मिळाली तर चाळा.

पैसे एकाच प्रतीवर घालायचे असतील तर हार्डी. पाठभेदांत रस असेल तर पुढे येल. अधिकृत आवृत्ती फोनवर असू द्या. वचन क्रमांकावरून शोधायला तिच्याइतकी सोय दुसरीकडे नाही.