२८ महिने वापरून सोडलेली बाबागाडी: वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात आमची बाबागाडी घरातून गेली. लेक ९ महिन्यांची असताना घेतली होती, आता ती ३ वर्षं १ महिन्याची आहे. गाडी कशी निघाली ते सांगतोच. पण या २८ महिन्यांतले निदान शेवटचे १० महिने आम्ही ती उगाच वापरली असं माझं आता मत झालंय, आणि लिहायला बसलो ते मुख्यतः त्यासाठी.

आधी गाडीबद्दल. छत्रीसारखी मिटणारी, साडेसहा किलो वजनाची, मूल पुढे तोंड करून बसतं अशी. पाच पट्टे, एक बकल, मागच्या चाकांना पायाने दाबायचा ब्रेक, कमाल भार १५ किलो. कंपनीचं नाव देत नाही, कारण या वर्गातल्या गाड्या एकमेकींच्या चुलतबहिणीच असतात. कापड दणकट निघालं. किती वेळा धुतलं त्याला गणती नाही, पण शिवण कुठे उसवली नाही. छताची एक क्लिप सहाव्या महिन्यात तुटली, ती शेवटपर्यंत दोऱ्याने बांधलेली होती. पुढचं डावं चाक वर्षभराने किंचाळायला लागलं. तेल घालून घालून थकलो. शेवटी चाक काढून बघितलं तर आसाभोवती केस आणि दोरे यांचा घट्ट गुंडाळा बसलेला. ब्लेडने कापून काढल्यावर चाक नव्यासारखं फिरलं. तुमच्याही गाडीचं चाक रडत असेल तर तेलाची बाटली उघडण्याआधी आस बघा.

ब्रेक चांगला होता, पण उतारावर निव्वळ ब्रेकवर विसंबून हात सोडायचा नाही. गाडी उताराला आडवी लावायची, मग ब्रेक, आणि तरी एक हात हँडलवर.

आता एक चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाची टळेल. लेक दोन वर्षांची होती. हँडलच्या दोन्ही बाजूंना मी भरलेल्या पिशव्या अडकवल्या होत्या. तिला उतरायचं होतं, नेहमीप्रमाणे "मी, मी" चाललं होतं, म्हणून बकल सोडलं आणि बाजूला झालो. ती फूटरेस्टवर उभी राहून पुढे उतरली आणि तिचं वजन जाताच गाडी पिशव्यांच्या भाराने मागे कलंडली. फूटरेस्ट खालून सपकन वर आला आणि तिची नडगी सोलली गेली. रक्त थोडंच आलं, रडणं भरपूर. ती बसलेली असताना जर गाडी अशी मागे गेली असती तर डोकं आपटलं असतं. हँडलला काही लटकवू नका हे माहितीपत्रकात चित्रासकट छापलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. सामान ठेवायचं तर सीटखालच्या जाळीत, नाहीतर सरळ आपल्या पाठीवर.

पहिल्या वर्षाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. नऊ महिन्यांचं मूल कडेवर घेऊन तासभर रांगेत उभं राहून बघा, म्हणजे गाडीची किंमत कळते. मूल सुरक्षित, आपले हात मोकळे, झोप आली तर पाठ मागे झुकवता येते. प्रश्न सुरू झाला तो ती चालायला लागल्यावर, आणि तो माझ्या लक्षात यायला आणखी वर्ष गेलं.

साधारण दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलं आधाराशिवाय चालतात आणि दोनच्या आसपास पळायला लागतात. आमची त्यातच होती. या वयातली मुलं किती चालतात याची एक मोजणी २०१२ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी सोडली की तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत बसल्याबसल्या ओशाळलो. बाहेर पडलो की तो सगळा तास आमची पट्ट्यात बांधलेली असायची. पावलं शून्य, पडणं शून्य, आणि मी स्वतःवर खूश, की पोरगी किती शांत बसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहेत. बाबागाडी, उंच खुर्ची किंवा पाठीवरची झोळी यांत मूल सलग १ तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, असं त्यात आहे. शिवाय एक वर्षानंतर दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांची त्यातली ६० मिनिटं चांगली धाप लागेल अशी असावी. बाबागाडी अमुक वयाला सोडा असं त्या सूचनांत कुठेही नाही. गाडीवरचा किलोचा आकडासुद्धा त्या कामाचा नाही. युरोपात बाबागाड्यांचं ईएन १८८८ हे मानक आहे, त्याचा एक भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आणि दुसरा २२ किलोपर्यंतच्या. सांगाडा किती पेलेल ते यावरून कळतं, पोराने किती चालावं ते नाही. २२ किलोची गाडी आहे म्हणून पहिलीतलं पोर त्यात बसवायचं असं थोडंच आहे!

लेक अडीच वर्षांची असताना आईने (म्हणजे तिच्या आजीने) एकदा ऐकवलंच, "देवाने पाय दिलेत ते काय खुर्चीखाली लोंबकळायला?" मी नेहमीचं उत्तर दिलं, ती दमते. पण ते उत्तर मलाच कुठेतरी टोचलं. म्हणून पंधरा दिवस फोनमध्ये नोंद ठेवली. प्रत्येक वेळी गाडीत बसवताना एक शब्द लिहायचा, का बसवलं? एकूण १९ वेळा बसवली. त्यात "घाई" ८ वेळा, "सामान" ५ वेळा, "झोप" ३ वेळा, आणि "दमली" ३ वेळा. सामान म्हणजे चक्क मला पिशव्या ठेवायला जाळी हवी म्हणून गाडी निघायची, आणि गाडी निघालीच आहे म्हणून लेक त्यात बसायची. बायकोला यादी दाखवली तर ती म्हणाली, "म्हणजे तुला हमालाची गाडी हवी होती."

असंच पाहायचं झालं तर दोष त्या हलकेपणाचा आहे. पूर्वीची प्रॅम म्हणजे अवजड प्रकरण, ती काही कुणी सहज उचलून नेत नसे. ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याने स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलं होतं. त्याची मुलगी नातवंडाला घेऊन आली, तेव्हा तिची ती जड गाडीची ओढाताण त्याने पाहिली आणि १९६५ साली ॲल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. आमची गाडी त्याच वंशातली. एका हाताने मिटते, दाराशी उभी राहते, जाताना आपोआप हातात येते. जड असती तर दुसऱ्या वाढदिवसाच्या आधीच सुटली असती.

दुसरी गोष्ट बोलण्याची. पुढे तोंड असलेल्या गाडीत मूल जगाकडे बघतं हे खरं, पण आपण बघतो ते छताचं कापड. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात २००८ मध्ये झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की मूल आपल्याकडे तोंड करून बसलेलं असेल तर पालक त्याच्याशी दुप्पट बोलतात. आमच्याकडे फरक याहून मोठा होता. गाडीत असताना ती काही बोलली तरी रहदारीत मला ऐकूच यायचं नाही, मी आपला "हो, हो" करत ढकलायचो. गाडी सोडून चालायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मला गटाराच्या झाकणाची भोकं मोजायला लावली. तिची मोजणी एक, दोन, पाच, दहा अशी होती, आणि दहा झाले की पुन्हा पहिल्या भोकापासून. मुंग्यांची रांग ओलांडायची नाही, वळसा घालायचा, हा नियमही तिचाच. पाऊण किलोमीटरला ५० मिनिटं.

सोडवायचं कसं, यात आमचे दोन प्रयोग फसले. पहिला, गाडी एकदम लपवणं. तिने तिसऱ्या वळणावर रस्त्यात बसकण मारली, आणि १३ किलोचं लेकरू कडेवर घेऊन मी घरी आलो. पाठ चार दिवस धरली होती. दुसरा, तिलाच गाडी ढकलू देणं. ऐकायला छान वाटतं, पण तिला समोरचं काही दिसत नाही, हँडल तिच्या कपाळाशी येतं, आणि गाडी माणसांच्या घोट्यांवर जाते. दोन अनोळखी लोकांची माफी मागून तो प्रयोग आवरला.

जमलं ते वेगळ्याच गोष्टीने. आम्ही अर्धा तास लवकर निघायला लागलो. बस्स, निम्मं काम तिथेच झालं, कारण यादीतली घाई तिची नव्हतीच. जवळच्या फेऱ्यांना गाडी घ्यायचीच नाही. लांबच्या ठिकाणी घ्यायची, पण जाताना चालायचं आणि येताना लागलीच तर बसायचं. रस्त्याच्या कडेला नियम एकच, "हात किंवा गाडी". हात सोडला तर गाडीत. हे तीनदा खरंच केलं, दोनदा ती ओरडली, तिसऱ्यांदा हात धरला तो धरलाच. सामानासाठी मी पाठीवरची पिशवी घेतली, तिला एक छोटी दिली, त्यात तिची पाण्याची बाटली आणि कुठून कुठून गोळा केलेले खडे.

दमली का कंटाळली हे ओळखायला मात्र वेळ लागला. कंटाळलेलं मूल "उचल" म्हणतं आणि समोर कुत्रं दिसलं की पळत सुटतं. दमलेलं मूल कुत्र्याकडेही बघत नाही, पाय घासत चालतं, ठेचकाळतं. दुसऱ्या प्रकारात उचलायचं किंवा बसवायचं, तिथे हट्ट करून उपयोग नाही.

झोपेचंही सांगायला हवं. दुपारी बाहेर असलो की ती गाडीत डुलकी काढायची आणि आम्हाला बरं वाटायचं. पण संध्याकाळी पाचची ती डुलकी रात्री अकराला वसूल व्हायची. गाडी कमी झाली तसं झोपेचं गणित आपोआप जागेवर आलं. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं.

लोकांचं काय? लिफ्टमध्ये एक बाई म्हणाल्या, "एवढी घोडी झाली आणि अजून गाडीत?" पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एकांनी तिला चालताना बघून "बिचारीला किती चालवता हो" म्हणून मला झापलं. दोघांनाही मी मान डोलावली.

गाडी लहान झाल्याच्या खुणा शरीरावर आधी दिसतात, तेवढ्या मात्र बघत जा. खांद्याचे पट्टे सगळ्यात वरच्या खाचेत घालूनही खांद्याच्या खालून यायला लागले होते. उजव्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागून रबर घासून पांढरं पडलं होतं. मला वाटायचं, ती पडते म्हणून बूट घासतोय. नंतर खाली वाकून पाहिलं तर ती पाय फूटरेस्टवर न ठेवता खाली सोडून बसायची, कारण गुडघे छातीशी येत होते. शेवटी वजन १४ किलो २०० ग्रॅम होतं, म्हणजे नियमात बसत होती. पण जाळीत सामान भरलं की त्याचा भार वेगळाच.

हे सगळं आमच्यापुरतं. ज्या मुलांना स्नायूंचा अशक्तपणा आहे, सांधे दुखतात, किंवा गर्दी-गोंगाटाने जी बिथरतात आणि रस्त्यात धावत सुटतात, त्यांना चार-पाच वर्षांनंतरही गाडी लागते. त्यांच्यासाठी मोठ्या गाड्याही मिळतात. वय किती याची चौकशी लिफ्टमधल्या बाईंनी करण्याची गरज नाही, डॉक्टर आणि आईबाप मिळून ठरवतील. विमानतळ, दिवसभराचा प्रवास, तापातून उठलेलं मूल, इथे तीन वर्षांच्या धडधाकट पोरालाही मी खुशाल बसवीन. मात्र ज्याला अडीच वर्षांनंतरही रोज, प्रत्येक फेरीला गाडी लागते, त्याने पंधरा दिवस ती एक शब्दाची नोंद ठेवून बघावी.

आमची गाडी शेवटचे दोन महिने दारामागेच उभी होती. एकदा लेकीनेच त्यात बाहुली बसवली, पट्टे लावले, आणि बकल निघेना म्हणून मला हाक मारली. शेजारच्यांचं बाळ आता सात महिन्यांचं आहे, त्यांना देऊन टाकली. देण्याआधी चारही चाकं काढून साफ केली, पट्टे खालच्या खाचेत ओवले, छताचा दोरा बदलला. बकल घट्ट आहे, दोन्ही अंगठ्यांनी दाबावं लागतं, तेवढं त्यांना करून दाखवलं. आणि हँडलला पिशव्या अडकवायच्या नाहीत, हे दोनदा सांगितलं.