मुंबई-नागपूर, रात्रीची टपालफेरी: सिममधलं डीसी-३ कितपत खरं?

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० या संगणकावरच्या विमानखेळात (पुढे नुसतं सिम) डीसी-३ हे जुनं दोन इंजिनांचं विमान फुकट मिळतं. फुकट म्हणूनच बहुतेकांनी ते एकदा उघडलेलं असतं, धावपट्टीवर एक गिरकी खाल्लेली असते आणि पुन्हा एअरबसकडे मोर्चा वळवलेला असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये या सिममालिकेच्या चाळिशीनिमित्त जी जुनी विमानं दिली गेली, त्यांतलं हे एक. बनवलंय एरोप्लेन हेवनने. विमानतळाभोवती एक चक्कर मारून त्याची पारख होत नाही. जीपीएसशिवाय, शक्यतो रात्री, अडीच-तीन तास सरळ एका रेघेत उडवलं की त्यात काय आहे आणि काय नाही, दोन्ही उघडं पडतं.

रेघ कुठली, हा प्रश्न आपल्याकडे पडायला नको. १९४९ साली, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून डाकोटा विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या तळावर एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या गावी परत. डाकोटा म्हणजे हेच डीसी-३, लष्करी अवतारातलं. म्हणून परीक्षेला तीच वाट घेतली आहे: मुंबई ते नागपूर, सुमारे ३७० सागरी मैल. यापुढे मैल म्हटलं की सागरी मैलच समजावेत.

विमान दोन रूपांत येतं, एक जुन्या कॉकपिटचं आणि एक आधुनिक उपकरणं बसवलेलं. दुसऱ्याकडे बघूही नका. पडद्यावरची रेघ पाळत जायचं असेल तर त्यासाठी याहून सोयीची विमानं ढिगानं आहेत. जुन्या कॉकपिटचं काम मात्र देखणं आहे. घासून उडालेला रंग, तबकड्यांच्या काचा, बाहेरचा उघडा पत्रा, आणि मुख्य म्हणजे आवाज. चौदा सिलिंडरांची दोन ट्विन वास्प इंजिनं सुरू होताना जशी खोकतात, अडखळतात आणि मग एका लयीत येतात, ते हेडफोन लावून ऐकावं. एक गोष्ट निघण्याआधीच बघून ठेवा: वेगाच्या तबकडीवर नॉट आहेत की ताशी मैल. या जातीच्या विमानांत दोन्ही प्रकार आढळतात आणि एक नॉट म्हणजे जमिनीवरचे (सागरी नव्हे) ताशी १.१५ मैल. हा घोळ झाला तर उतरताना १० ते १५ टक्के कमी वेगाने याल. पुढचे सगळे वेग नॉटमध्ये आहेत.

आधी लिव्हर लावून घ्या, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे. या विमानाला सहा लिव्हर लागतात: दोन प्रॉप (पंख्याच्या फेऱ्या), दोन थ्रॉटल (ताकद), दोन मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण). खऱ्या डाकोटात त्यांचा क्रम डावीकडून प्रॉप, थ्रॉटल, मिक्श्चर असा असतो. आजच्या सवयीचा क्रम थ्रॉटल, प्रॉप, मिक्श्चर. त्या काळच्या विमानांत हा क्रम विमानागणिक बदलायचा, बी-२५ मध्ये एक, डाकोटात दुसरा, सी-८२ मध्ये तिसरा, आणि वैमानिक एका विमानातून दुसऱ्यात गेला की भलताच दांडा ओढायचा. हनीकोंब ब्राव्हो या लिव्हरच्या संचाला सहा लिव्हर असल्याने तो इथे चपखल बसतो. लॉजिटेकचे तीन लिव्हरवाले दोन संच जोडले तरी चालतं. सेटिंगमध्ये 'थ्रॉटल १ अ‍ॅक्सिस', 'थ्रॉटल २ अ‍ॅक्सिस' असं वेगवेगळं बांधा आणि नुसतं 'थ्रॉटल अ‍ॅक्सिस' कुठे बांधलेलं असेल तर ते पुसून टाका. दोन्ही राहिले की एका इंजिनाचा काटा उगाच नाचतो आणि लोक विमानाला शिव्या घालतात. शेपटीच्या चाकाच्या कुलपाला एक बटण द्या, काउल फ्लॅपना (इंजिन गार ठेवणाऱ्या झडपांना) एक जोडी. ऑटो-रडर (शेपटीचं सुकाणू, म्हणजे रडर, आपोआप सांभाळणारी सोय) आणि बाकी सगळे असिस्ट बंद. इंजिनावरच्या ताणाने नुकसान होण्याचा पर्याय मात्र चालू ठेवा.

इंधनाचा हिशोब सोपा आहे. दोन मुख्य टाक्या मिळून साधारण ४०० अमेरिकन गॅलन. पहिल्या तासाला शंभरच्या आसपास, पुढे तासाला नव्वदच्या आसपास धरलं तर नागपूरपर्यंत अडीचशे जातात. उरलेल्या दीडशेत दीड तास हातात राहतो. मागच्या सहायक टाक्या रिकाम्या ठेवा. उगाच भरल्या तर अडीच हजार पौंडांच्या जवळपास ओझं वाढतं आणि घाट चढताना ते जाणवतं.

इंजिन सुरू करायला कंट्रोल-ई दाबून मोकळं होता येतं, पण मग हे विमान उघडलंच कशाला? बंद असलेल्या रेडियल इंजिनात (सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या) तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा) बंद ठेवून स्टार्टरने प्रॉपची बारा ते पंधरा पाती फिरू द्यायची, मग मॅग्नेटो चालू, प्राइमरने थोडं इंधन, आणि इंजिनाने पेट घेतला की मिक्श्चर बंदवरून 'ऑटो-रिच'वर. तेलाचं तापमान ४० अंशांवर जाईपर्यंत हजार आरपीएमच्या आसपास थांबायचं. सिमसोबत येणारं मूळ विमान इथे फारच दयाळू आहे: पाती न मोजता सुरू करा, थंड इंजिनाला पूर्ण ताकद द्या, ते कुरकुरत नाही. माझ्या मते या विमानाचा सगळ्यात मोठा दोष हाच. डकवर्क्सचा मोफत मॉड (विमानाचं वागणं बदलणारी जोड) टाकला की इंजिनं आणि यंत्रणा बऱ्याच अंशी खऱ्यासारख्या वागायला लागतात. मॉडचा फोल्डर 'कम्युनिटी'मध्ये टाकायचा असतो, म्हणजे तो फक्त संगणकावर चालतो. एक्सबॉक्सवाल्यांना ही वाट बंद आहे, आणि त्यांच्यासाठी या विमानाचे माझ्या हिशोबी निम्मे गुण कापायला हवेत.

टॅक्सी करताना शेपटीचं चाक मोकळं. वळण बाहेरच्या बाजूच्या इंजिनाने घ्यायचं, ब्रेक फक्त थोपवायला. धावपट्टीवर आलात की दहा-वीस फूट सरळ पुढे जाऊन मगच चाकाला कुलूप घाला. चाक तिरकं असताना कुलूप घातलं तर ते लागत नाही आणि पहिल्या शंभर मीटरांत गिरकी ठरलेली. थ्रॉटल एकदम नाही: आधी ३० इंच (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, म्हणजे मॅनिफोल्ड प्रेशर, इंचांत मोजतात), सरळ चाललंय ना बघा, मग सावकाश ४५ ते ४८ इंच आणि २७०० आरपीएम. नाक डावीकडे ओढतं, उजवा रडर तयार ठेवा. चाळीस-पन्नास नॉटला शेपूट उचलते आणि तेव्हा हा ओढा क्षणभर वाढतो. सिमने हे बरोबर पकडलंय. ८५ च्या आसपास जमीन सोडायची, चाकं वर, आणि वेग शंभरावर गेला की ताकद ३६ इंच, २३५० आरपीएमवर आणायची. क्रम विसरू नका: कमी करताना आधी थ्रॉटल मग प्रॉप, वाढवताना आधी प्रॉप मग थ्रॉटल. उलटं केलंत तर कमी फेऱ्यांवर सिलिंडरांतला दाब वाढतो, इंजिन ठोके मारायला लागतं आणि मॉडमध्ये त्याचं बिल येतं.

आता घाट. मुंबईहून ०७० ची दिशा (उत्तरेपासून सत्तर अंश) धरली की ही रेघ सुमारे ५४ मैलांवर थेट हरिश्चंद्रगडावरून जाते, उंची १,४२४ मीटर, म्हणजे ४,६७० फूट. डावीकडे तेरा-चौदा मैलांवर कळसूबाई, ५,४०० फूट. ११० नॉटला मिनिटाला पाचशे फूट चढलात तर ९,००० फुटांना अठरा मिनिटं आणि तेहेतीस मैल लागतात, म्हणजे घाटाच्या बऱ्याच आधी काम होतं. पण चढताना काउल फ्लॅप मिटून गेले असतील तर सिलिंडर हेडचा काटा २३२ अंशांच्या मर्यादेकडे सरकतो, मग नाक खाली करावं लागतं, चढ मंदावतो आणि अंधारात सह्याद्री समोर येतो. चढताना ते अर्धवट उघडे, सपाटीला मिटलेले.

९,००० फुटांवर ३० इंच, २०५० आरपीएम, मिक्श्चर 'ऑटो-लीन'. तबकडीवर १२५ नॉट दिसतील, खरा वेग १४४ च्या जवळपास. इथून पुढे गंमत स्पेरी ऑटोपायलटची. त्याला मार्ग कळत नाही, उंचीही कळत नाही. तो फक्त जायरो (दिशा धरून ठेवणारं फिरतं चाक) धरून बसतो. जायरो हळूहळू सरकतो आणि त्याच्याबरोबर तुम्हीही. दर पंधरा मिनिटांनी विमान सपाट आणि सरळ असताना होकायंत्र वाचायचं आणि जायरो जुळवायचा. वळणात किंवा वेग बदलताना होकायंत्र खोटं बोलतं, त्यामुळे तेव्हा जुळवलेला जायरो न जुळवलेल्यापेक्षा वाईट. लिफाफ्यावर वेळ लिहीत चला. वारा नसेल तर सुमारे १४७ मैलांवर, तासा-सव्वा तासात, छत्रपती संभाजीनगरचे दिवे बरोबर नाकाखाली यायला हवेत. ते डावीकडे आले तर वारा तुम्हाला दक्षिणेला ढकलतोय. तिथून नागपूर २२० मैल आणि इथे राहिलेली पाच अंशांची चूक शेवटी १९ मैल होते. पुढच्या खुणा: अकोला डावीकडे पंधरा मैल, अमरावती डावीकडे साधारण तितकीच, वर्धा उजवीकडे अकरा. वर्धा थेट पोटाखाली दिसली तर उत्तरेला वळा. एवढं सगळं नको असेल तर वाटेत व्हीओआर (दिशा दाखवणारी रेडिओ केंद्रं) आहेत, पण निदान एकदा तरी घड्याळावर जाऊन बघावं.

सिमचा दुसरा दोष इथेच आहे, आणि तो विमानाचा नाही. खालची जमीन आजची आहे. टपालाच्या डाकोटाखाली मैलोन्मैल काळोख असायचा. इथे रस्ते उजळलेले, गावं एकमेकांना चिकटलेली. खुणा शोधणं त्यामुळे अवघड होतं, कारण दिवे फार आणि सगळे सारखेच. अमावस्येची रात्र आणि थोडं धुकं ठेवलं तर जरा जुनेपणा येतो. चालू हवामान लावणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी सुखाचा. जुलैत खालच्या थरातला नैर्ऋत्य-पश्चिमेचा वारा जाताना पाठीशी असतो आणि येताना तोंडावर, शिवाय घाटावरच्या ढगांत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो. थ्रॉटल न हलवता मॅनिफोल्ड प्रेशर हळूहळू उतरायला लागलं की तोच समजा आणि कार्बोरेटर हीट द्या. बर्फ पूर्ण दाटेपर्यंत वाट पाहिली तर उष्णता पुरत नाही.

नागपूरची धावपट्टी १,०३३ फुटांवर आहे, हे मुंबईकर विसरतात. ३५ मैल आधी उतरायला लागा, मिनिटाला पाचशे फूट. ताकद मिनिटाला एखाद-दुसरा इंच अशी कमी करा आणि वीस इंचांच्या खाली जाऊ नका, नाहीतर प्रॉपच इंजिनाला फिरवायला लागतो आणि गरम सिलिंडर झटकन गार पडतात. पाव फ्लॅप (पंखांमागच्या, वेग रोखणाऱ्या झडपा) १३५ च्या खाली, पूर्ण फ्लॅप ९७ च्या खालीच. पूर्ण फ्लॅप म्हणजे भिंत: नाक खाली नेलं नाहीत तर वेग पडतोच. शेवटच्या टप्प्यात ९०, उंबरठ्यावर ८०-८५, आधी पुढची दोन चाकं टेकवायची आणि टेकल्या क्षणी नाक वर-खाली करणारा दांडा किंचित पुढे. तीन चाकांवर एकदम उतरायचा मोह नको. विमान उसळलं तर दांड्याने पाठलाग करू नका; ताकद देऊन पुन्हा फेरी मारा. शेपूट आपसूक खाली येईपर्यंत ब्रेकला पाय लावायचा नाही. गिरकी बहुतेकदा इथे येते, ४० ते २० नॉटच्या दरम्यान, "उतरलो एकदाचे" असं वाटून पाय सैल पडतात तेव्हा. सिममध्ये डीसी-३ जमिनीवर खऱ्यापेक्षा थोडं जास्त चंचल वाटतं. पिळायच्या जॉयस्टिकचा रडर असेल तर संवेदनशीलता उणे ३० ते ४० टक्के करून मधे थोडा डेड झोन (हलवलं तरी परिणाम न होणारा भाग) ठेवा.

विमानासाठी वेगळे पैसे नाहीत, मॉडसाठीही नाहीत. खर्च करायचाच असेल तर आधी पेडल घ्या, लिव्हर नंतर. सहा लिव्हर कीबोर्ड आणि माउसने कसेबसे निभावतात, पण शेपटीचं चाक नुसत्या मनगटाने सांभाळणं कधीच धड जमत नाही. परतीची फेरी त्याच रात्री करणार असाल तर सोनेगावला इंधन पुन्हा भरून घ्या. उरलेल्या दीडशे गॅलनवर संभाजीनगर गाठणंही कठीण.