गाडीचा नंबर पिन म्हणून ठेवू नका

आमच्या खानापूर भागात कितीतरी जणांचा एटीएमचा पिन म्हणजे मोटारसायकलचा नंबर. पाठ असतो, विसरायची भीती नाही. आमच्या मामांचे भात विकून आलेले पैसे याच सवयीपायी गेले, म्हणून हे लिहितोय.

मामा बेळगावात खडेबाजारजवळच्या एका एटीएमवर गेले. पडद्यावर कन्नड आणि इंग्रजी. मामांना दोन्ही वाचता येत नाही, बटणांच्या सवयीवर पैसे काढतात. त्या दिवशी पिन टाकल्यावर भलतंच काहीतरी आलं आणि ते अडले. मागचा पोरगा अगदी आपलेपणानं म्हणाला, "काका, कार्ड उलटं घातलाय की. द्या इकडं." त्यानं कार्ड शर्टाला पुसलं, घातलं, काढलं आणि "मशीन बंद हाय" म्हणून परत दिलं. मामांच्या हातात आलं ते त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड.

पिन टाकताना मामांनी हात आडवा धरला होता, सीसीटीव्हीत ते स्पष्ट दिसतं. पण गाडी दारातच उभी होती. मामा आत जाताना तो पोरगा वाकून नंबर प्लेट बघतोय, हेही त्यात दिसतं. केए-22, दोन अक्षरं आणि शेवटी चार आकडे. एवढंच त्याला पुरलं. रात्री बाराच्या आधी दिवसाची मर्यादा संपेपर्यंत पैसे काढले, बारा वाजून गेल्यावर पुन्हा. मेसेज गेले मामांच्या मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर.

बँकेत उत्तर मिळालं, पिन बरोबर पडलाय, आम्ही काय करणार? रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर कळवेपर्यंतचं सगळं त्याच्याच माथी. कळवल्यानंतरचं मात्र बँकेचं. त्यामुळे कार्ड बदललंय असं वाटलं की तिथंच उभ्या उभ्या ते बंद करायला लावा आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 ला फोन करा.

लग्नाचं साल, मुलाचं जन्मसाल, मोबाईलचे शेवटचे चार आकडे, हेसुद्धा तसंच, ओळखीच्या माणसाला चटकन सुचतात. 2012 साली बाहेर फुटलेल्या सुमारे 34 लाख चार आकडी पासवर्डांची छाननी झाली, त्यात दर शंभरात दहा-अकरा जणांनी 1234 ठेवलं होतं! फोनचं लॉक आणि यूपीआयचा पिन एकच ठेवणारे तर घरोघरी आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून पिन बदलून द्या, बँकेतला मोबाईल नंबरही तपासा.

मशीनवर मराठी द्या, असं आम्ही शाखेत लेखी दिलंय. अजून उत्तर नाही.