पिकअप घाटात गरम होते? रेडिएटर बदलायच्या आधी फॅनला हात लावा

मायलेज, लोड, सस्पेन्शन यावर भरपूर लिहून झालंय, ते सोडतो. डिझेल पिकअप वर्षभर लोडवर चालवल्यानंतर बोलण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे गरम होणं. वैभववाडीकडून आंब्याच्या पेट्या भरून करूळ घाट चढताना काटा लाल पट्ट्याकडे सरकायचा आणि गगनबावडा ओलांडून गाडीने वेग घेतला की परत मध्यावर यायचा. सर्व्हिस सेंटरने बॉनेट उघडलं आणि रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह), शिवाय ‘बहुतेक हेड गास्केट’ (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) अशी यादी हातात ठेवली. एकही टेस्ट न करता! याची चीड अजून गेलेली नाही, कारण गाडी कधी गरम होते यावरूनच अर्धं निदान होतं.

हळू वेगात, चढावर, लोडवर गरम होत असेल तर आधी हवा तपासायची. उजळाईवाडी ते कागल सरळ हायवेवर ८० च्या वेगात गरम होत असेल तर पाणी नीट फिरत नाही. त्या वेगाला समोरून भरपूर हवा येते, फॅनची फारशी गरज नसते. तिथे संशय आतून चोंदलेल्या रेडिएटरवर, पंपावर किंवा जोरात रेस केल्यावर चपटा होणाऱ्या खालच्या होज पाइपवर घ्यायचा.

आमच्या गाडीत गेलेला होता व्हिस्कस फॅनचा क्लच, म्हणजे घट्ट ऑइलच्या जोरावर फॅनला इंजिनशी जोडणारा पार्ट. या एका पार्टवर लिहावं तेवढं थोडंच आहे, कारण तो गेला तरी फॅन फिरताना दिसतोच. त्याच्या तोंडावर एक पट्टी किंवा स्प्रिंग असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती आतला वॉल्व्ह उघडते, सिलिकॉन ऑइल आत पसरतं आणि फॅन इंजिनच्या वेगाला पकडतो. ऑइल गळून गेलं की फॅन नुसता आळसात फिरतो. तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद, चावी काढलेली. थंड असताना फॅनला हाताने झटका द्या, थोडा जड लागून लगेच थांबला पाहिजे. गाडी तापवून, बंद करून पुन्हा बघा, आता आणखी जड लागायला हवा. दोन्ही वेळा मोकळा गरगर फिरला तर क्लच संपला. तोंडाजवळ तेलकट धूळ चिकटलेली असेल तर गळतीची खूणच. पाती पुढे-मागे हलत असतील तर बेअरिंग गेलं. चांगला क्लच घाटात पकडतो तेव्हा केबिनमध्ये घोंगावल्यासारखा आवाज येतो. तो आवाज बंद झाला होता, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये त्याबद्दल कुणी विचारलंही नाही.

सुरुवातीला या गाडीचा रेडिएटरच लोडच्या मानाने लहान आहे असं माझं मत होतं. क्लच बदलल्यावर ते मत बदललं. तोच घाट, तेवढाच माल, आणि ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) पारा १०० च्या आत. रेडिएटर पुरेसा आहे, फक्त तो श्वास घेऊ शकला पाहिजे. ऊस हंगामात ट्रॉल्यांमागे फिरणाऱ्या गाडीत पाचटाचे तुकडे एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते. वरचे ब्रॅकेट सोडून फट उघडा आणि इंजिनच्या बाजूने बाहेर पाणी मारा, तेही साध्या पाइपने. प्रेशर पंप जवळून मारला की फिन्स, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, आडव्या होतात.

स्कॅनर घ्याच. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. इन्फ्रारेड गन असेल तर रबरी होजवर धरा. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती कमी आकडा दाखवते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. ऐकू नका. अनेक इंजिनांत तोच वॉल्व्ह बायपासही, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी पाण्याची वाटही, बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि लोडवर गाडी जास्तच तापते. शंका असेल तर पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन उकळा. त्यावर ८२ कोरलेलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे.

रेडिएटरची टोपीही बघा. ती १ बारच्या आसपास दाब धरते म्हणून पाण्याचा उकळबिंदू वीसेक अंशांनी वर जातो. रबर कडक झालेलं असेल तर टोपी बदला, हा यादीतला सगळ्यात स्वस्त पार्ट आहे. बोअरचं पाणी मात्र कधीच नको, क्षार आतून थर धरतात. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

हेड गास्केटचं नाव सगळं बघून झाल्यावरच काढायचं. रात्रभर थंड झालेल्या गाडीत, टोपी उघडून स्टार्ट केल्यावर बुडबुडे थांबतच नसतील, किंवा सकाळीही वरचा होज दगडासारखा कडक असेल, तर ब्लॉक टेस्टर (कुलंटमध्ये इंजिनचा गॅस शिरतोय का ते दाखवणारं साधन) लावून घ्या. बाहेर कुठेही गळती नसताना कुलंट कमी होत असेल तर हेड उघडण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कुलंटने थंड करणारा पार्ट) प्रेशर लावून तपासा, तोही आतून फुटतो.

क्लच घेताना दुकानदाराने तो उभा ठेवलेला आहे का ते पाहा. आडवा पडून राहिला की ऑइल गळू शकतं. मोठ्या नटवर बसणारा असेल तर जोर लावण्याआधी चुडी उलटी (नेहमीच्या उलट दिशेने सुटणारी) आहे का तेही विचारून घ्या.